खड्ड्यातली कुजबूज

कुजबूजबाईला माणसं आवडत नसत आणि ही गोष्ट तिने कधी कुणापासून लपवली नाही. सरकारी नाट्यगृहात रंगमंचाच्या पुढच्या कडेला, अगदी मधोमध, जमिनीत एक चौकोनी खड्डा होता आणि प्रेक्षकांच्या बाजूने त्यावर लाकडी टोप बसवलेला होता. त्या खड्ड्यात खुर्ची टाकून तिने उभं आयुष्य काढलं. नटमंडळी वाक्य विसरली की त्यांना पुढचा शब्द पुरवायचा, हे तिचं काम. डोकं तेवढं रंगमंचाच्या पातळीला, त्यामुळे तिला माणसांचे जोडे आधी दिसत आणि तोंडं मागाहून. राजे, सेनापती, प्रियकर, सगळ्यांच्या झिजलेल्या टाचा तिने पाहिल्या होत्या. टाचा पाहिल्यावर मान ठेवणं जड जातं, असं ती म्हणे, आणि ठेवतही नसे.

काम मात्र ती चोख करायची. नट मध्येच थांबला की दोनच शक्यता असतात. एक तर तो प्रेक्षकांना ताणून धरायला मुद्दाम थांबलाय, नाहीतर त्याची गाडी रुळावरून घसरलीय. मुद्दाम थांबलेल्याला शब्द दिला तर तो पडदा पडल्यावर शिव्या घालतो. घसरलेल्याला दिला नाही तर तो महिनाभर तोंड फिरवून जातो. फरक कळतो तो श्वासावरून. मुद्दाम थांबणारा श्वास भरून घेतो आणि विसरलेला श्वास घ्यायचंही विसरतो. तेव्हा वाक्याचे पहिले दोन शब्द हलकेच वर सोडायचे, की बाकीचं वाक्य त्याचं त्याला सापडतं. लोक तिला कुजबूजबाई म्हणत ते यासाठी. तिला ते नाव पसंत नव्हतं, पण ठेवणारे इतके बिनडोक होते की त्यांच्याशी वाद घालणं तिला कमीपणाचं वाटे.

पूर्वी तिथे निरनिराळी नाटकं होत. मग देशाचा कारभार थोरल्यांच्या हाती गेला. त्यांना सगळे थोरले म्हणत, कारण दुसरं काही म्हटलेलं चालत नसे. तेव्हापासून एकच नाटक उरलं, थोरल्यांचं चरित्र. लिहिलंही थोरल्यांनीच, निदान तसं जाहीर झालं होतं. त्यात थोरल्यांचं काम करणाऱ्या नटाला बाई ‘नकली’ म्हणे. थोरले जाड झाले तेव्हा नकलीला जाड व्हायचा हुकूम आला. थोरल्यांनी मिशी काढली त्या दिवशी याचीही गेली. बिचारा रोज सकाळी वर्तमानपत्रातला फोटो पाहून मगच दाढीला बसे. नाट्यगृहाचा मॅनेजर तर त्याच्याही वरताण होता. त्याला बाईने ‘होयबा’ हे नाव दिलं होतं, आणि एखाद्याला नाव असं फिट्ट बसलेलं तिने दुसरं पाहिलं नव्हतं.

त्या नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात मागे कोरं निळं आभाळ हवं होतं. पडदे रंगवणाऱ्याला कोरं आभाळ काही बघवेना. त्याने कोपऱ्यात एक लहानसा ढग काढला. चांगला होता ढग, बाईलाही आवडला होता, आणि तिला काही आवडणं ही दुर्मीळ गोष्ट. होयबाने तो पाहिला आणि त्याची पाचावर धारण बसली. दुसरं कुणी कळवायच्या आत त्याने स्वतःच वर कळवलं. थोरल्यांच्या राज्यावर सावट आहे असं सुचवल्याबद्दल पडदे रंगवणाऱ्याला आणि त्याच्या बायकोला, जी ते पडदे शिवत असे, रंगाच्या खोलीतून उचलून नेलं. शिपायांना खोली सापडेना तेव्हा फाटकावरच्या दरवानाने बोट वर करून दाखवलं, “जिना चढून डावीकडे.” तो गेली कित्येक वर्षं त्या नवराबायकोच्या डब्यातलं खात होता.

त्यांची मुलगी तेव्हा खड्ड्यात बाईच्या पायाशी बसून पाव खात होती.

अशा आईबापांच्या मुलांना सरकार संस्कारगृहात नेई. तिथे मुलाला नवं नाव मिळायचं, आणि जुनं नाव विचारायला तिथून आजवर एकही मूल परत आलेलं नव्हतं. शिपायांनी पोरीला सगळीकडे शोधलं, तिच्या घरची गादीसुद्धा उसवली. सापडली नाही तेव्हा दिसेल त्याने कळवावं असा हुकूम सोडून ते गेले. नाट्यगृहातला जो तो तिला जन्मापासून ओळखत होता आणि जो तो कळवायला टपलेला होता. बाईने मात्र शोध सुरू होताच खड्ड्याच्या तळाशी असलेलं, वरून न दिसणारं लहान दार उघडलं आणि पोरीला आत ढकललं. आत तिची स्वतःची खोली होती, पाणी तापवायच्या बंबाला लागून. बाईला दुसरं घरदार नव्हतं. हे तिने का केलं? तिला मुलांचाही काही लळा नव्हता. कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, “त्यांना हवी होती, म्हणून दिली नाही.”

तिने पोरीचं नाव चिचुंद्री ठेवलं, आणि चिचुंद्री तिला आजी म्हणू लागली, ते बाईने नाक मुरडून चालवून घेतलं.

लपण्याचे नियम बाईने पहिल्याच दिवशी सांगितले. वर पावलं वाजत असतील तेव्हाच खाली चालायचं. खोकला आला तर लढाईचा प्रवेश येईपर्यंत दाबून धरायचा, आणि तोफा सुरू झाल्या की हवा तेवढा खोकून घ्यायचा. रडू आलं तरी तेच. पोरगी इतकी गुणी, की लढाई लागली की ती खोकून घेई, रडून घेई, शिंकूनही घेई आणि तह झाला की पुन्हा गप्प बसे. तिचे पुढचे दात त्या खड्ड्यात पडले आणि तिथेच नवे आले. ऊन म्हणून तिला काय मिळायचं, तर टोपाखालून सांडणारा रंगमंचावरचा उजेड. तिचा रंग कागदासारखा झाला. बाई स्वतःच्या वाट्याचं दूध तिच्यापुढे सरकवी आणि वर म्हणे, “पी. मला दुधाने मळमळतं.”

प्रयोग चालू असताना चिचुंद्री बाईच्या पायाशी बसे. थोड्याच दिवसांत तिला सगळं नाटक पाठ झालं. रिकाम्या दुपारी दोघींचा एक खेळ चाले. बाई एखादं वाक्य हळूच म्हणे आणि मध्येच थांबे. मुद्दाम थांबली की विसरली, ते पोरीने ओळखायचं. विसरली असेल तर पुढचे दोन शब्द द्यायचे, वरच्या नटाला ऐकू जातील आणि पहिल्या रांगेला जाणार नाहीत इतक्याच आवाजात.

“आणि आजी, तूच विसरलीस तर?” एकदा पोरीने विचारलं.

“मी विसरत नसते.”

“पण विसरलीस तर?”

“तर तू सांग. नट तोंड उघडं टाकून उभा राहता कामा नये. मग तो कितीही गाढव असला तरी.”

पोरगी लवकरच बाईपेक्षा तरबेज झाली. बाईला तिचा मनातून फार अभिमान वाटे, आणि तो दिसू नये म्हणून ती तिच्या वेणीत खुसपट काढी.

असं कायम चालणार नव्हतं. पोरीची मावशी दूरच्या बंदरात राहत होती. रस्त्यावर कुणी तिला ओळखलं नसतं, म्हातारी आणि तिची नात म्हणून दोघी आगगाडीत बसल्या असत्या. अडचण होती ती नाट्यगृहाची. विंगेतून फाटकापर्यंत पन्नास ओळखीचे डोळे, आणि फाटकावर तो दरवान, येणाऱ्याजाणाऱ्याची पिशवी उलटी करून बघणारा. खिळ्यांचं पुडकं त्याच्या नजरेतून सुटत नसे, तिथे अख्खी मुलगी कशी सुटणार? बाई वाट बघत राहिली. कशाची, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग थोरल्यांच्या राज्यारोहणाचा वर्धापनदिन आला. त्या दिवशीच्या खास प्रयोगात शेवटच्या प्रवेशात थोरल्यांचं काम थोरले स्वतः करणार, असं जाहीर झालं. प्रयोग भर दुपारी ठेवला, कारण दिवेलागणीनंतर थोरले घराबाहेर पडत नसत. शूर माणसांना अशा सवयी असतातच. सकाळी होयबा घाम पुसत खड्ड्याशी आला.

“बाई, शेवटच्या प्रवेशात आज तुम्हाला काही काम नाही. थोरले विसरत नाहीत.”

“बरं. मग मी खोलीत जाऊन पडते.”

“नाही, नाही. तुम्ही खड्ड्यातच बसा.”

“कशाला? विसरत नाहीत ना?”

“बसा हो, बाई,” होयबा रडवेला होऊन म्हणाला.

सगळ्या इमारतीची झडती झाली. समारंभ म्हणून शिपाई पांढऱ्याशुभ्र गणवेशात होते. त्यांनी खड्ड्यात डोकावलं, तिथली धूळ आणि जळमटं पाहिली आणि खाली कोण उतरणार यावर एकमेकांकडे पाहिलं. कुणीच उतरलं नाही. थोरल्यांच्या जिवाची किंमत धोब्याच्या बिलाहून कमी ठरली, ते पाहून बाईला सकाळीच बरं वाटलं. प्रयोग सुरू झाल्यावर तिने चिचुंद्रीला खोलीत एकटं न ठेवता नेहमीसारखं पायाशी घेतलं.

शेवटचा प्रवेश आला आणि थोरले रंगमंचावर आले. बाईला आधी त्यांचे जोडे दिसले. टाचा आतून उंच केलेल्या होत्या, चांगल्या चार बोटं. नकली त्यांच्यापेक्षा उंच होता, हे आजवर कुणी बोललं नव्हतं. थोरल्यांनी भाषण सुरू केलं. आवाज पातळ होता, पण सभागृह असं ऐकत होतं की खुर्ची वाजत नव्हती, कुणी घसा खाकरत नव्हतं, लोक श्वासही बेताने घेत होते.

“माझ्या राज्यात,” थोरले म्हणाले, आणि थांबले.

बाईने कान लावला. श्वास नव्हता. थोरले विसरले होते.

पुढचे शब्द बाईच्या जिभेवर होते. तिने ओठ मिटले. किती वर्षं ती या माणसाची वाक्यं दुसऱ्यांच्या तोंडात भरवत आली होती, आणि आता तो स्वतः तिच्यापासून हातभर अंतरावर, तोंड उघडं टाकून, त्या टाचांवर डुगडुगत उभा होता. आयुष्यात तिने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, पण हे तिला हवं होतं, थोडं आणखी, आणखी थोडं. ती खुर्चीत मागे रेलली आणि मनसोक्त बघत बसली.

पायाशी बसलेल्या पोरीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. आजी काही बोलत नाहीये. वरचा नट श्वास घेत नाहीये. तिला वाटलं, आजी विसरली.

“एकही मूल अंधारात,” चिचुंद्री म्हणाली.

आवाज अगदी शिकवल्याबरहुकूम होता. एरवीच्या खोकल्याखाकऱ्यात तो पहिल्या रांगेलाही गेला नसता. पण त्या दिवशी सभागृहात एवढी भयाण शांतता होती, की तो कोवळा आवाज शेवटच्या रांगेतल्या भिंतीपर्यंत स्वच्छ ऐकू गेला.

“एकही मूल अंधारात राहणार नाही!” थोरले घाईघाईने म्हणाले. टाळ्यांनी छप्पर उडायची पाळी आली. पडदा पडला.

बाईने पोरीला दारातून आत ढकललं. ती थोरल्यांवर चिडली नाही, पोरीवर तर नाहीच. ती चिडली स्वतःवर. दोन घटका एका भित्र्या माणसाची फजिती बघायच्या चैनीपायी तिने पोरीचा जीव टांगणीला लावला होता. आजवर ज्यांना तिने तुच्छ मानलं त्यांच्यापैकी कुणी एवढा मूर्खपणा केला नव्हता.

थोरले मोटारीत बसून गेले. त्यांच्या अंगरक्षकांचा प्रमुख मागे राहिला. त्याने सगळ्यांना रंगमंचावर ओळीने उभं केलं. बाई खड्ड्यातून वर आली आणि खड्ड्याच्या तोंडाशीच उभी राहिली.

“खड्ड्यातून आवाज आला,” प्रमुख म्हणाला. “लहान पोराचा. कोण आहे खाली?”

होयबाने लगेच बाईकडे बोट केलं. आपलं बोट आपल्याआधी तिकडे पोहोचल्यासारखा तो दचकलाही.

“आवाज कधी आला, साहेब?” बाईने विचारलं.

“शेवटच्या भाषणात.”

“भाषणात कुठे?”

“थोरले थांबले तेव्हा...” प्रमुख म्हणाला आणि आपण काय बोललो ते ऐकून गप्प झाला.

“थोरले थांबले?” बाई आता कुजबुजत नव्हती. “म्हणजे विसरले?”

ओळीतल्या प्रत्येकाने खाली पाहिलं.

“विसरले असं मी म्हटलेलं नाही,” प्रमुख म्हणाला.

“नाही कसं? या खड्ड्यात माझा जन्म गेला. वर कुणी विसरल्याशिवाय इथून शब्द निघत नसतो. शब्द निघाला असं तुम्ही म्हणताय, तर तसं वर कळवा की. थोरले आपलंच वाक्य विसरले आणि ते एका पोराने सांगितलं, म्हणा. तुमच्या नावानिशी कळवा. आम्ही सगळे साक्षीला आहोत.”

प्रमुखाचं तोंड त्याच्या गणवेशाच्या रंगाचं झालं. त्याने विचार केला, आणि तो त्याला जड जात होता हे दिसत होतं. मग तो ओळीकडे वळला.

“तुमच्यापैकी कुणी काही ऐकलं?”

एकेकाने कानांवर हात ठेवले. नकलीने तर छातीवर हात ठेवून, कमावलेल्या आवाजात, “शपथेवर सांगतो, काहीही नाही,” असं म्हटलं आणि सवयीने टाळ्यांची वाट पाहिली.

“मी तर साहेब, आजच काय, कधीच काही ऐकत नाही,” होयबा म्हणाला.

“इथे मूल नाही,” प्रमुख म्हणाला.

“नाही,” सगळे म्हणाले.

“आणि उद्या कुणाला दिसलं तर?” बाईने विचारलं.

प्रमुखाने तिच्याकडे पाहिलं. तिला काय हवंय ते त्याला कळलं होतं आणि द्यावं लागणार हेही. “दिसणार नाही. ज्याला मूल दिसेल त्याने आजचा आवाजही ऐकला, असं मी धरीन. फाटकावरही तसंच सांगून ठेवतो.”

एवढ्यावर होयबाला राहवलं नाही. “साहेब, हा खड्डाच बुजवून टाकतो. थोरल्यांच्या नाट्यगृहात विसरायची सोय हवीच कशाला? आत्ता सुताराला लावतो.” अशा रीतीने बाईची नोकरी आणि घर एका वाक्यात गेलं, आणि ज्याने ते घालवलं त्याला आपण काही केलं याचा पत्ताही नव्हता.

खाली येऊन बाईने पिशवी भरली. पोरीच्या अंगावर स्वतःचा जुना कोट चढवला. पण चिचुंद्री हलेना.

“मी नाही येणार. आईबाबा मला इथेच शोधायला येतील.”

कुणाच्याही तोंडात शब्द घालणाऱ्या त्या बाईला एक शब्द सुचेना. आईबाप येणार नाहीत, हे तिला कधीचंच माहीत होतं. शेवटी ती म्हणाली, “दरवानाला निरोप सांगून जाऊ. आले तर त्याच्यासमोरूनच येतील ना?”

पोरीला ते पटलं.

दोघी हात धरून खड्ड्यातून वर आल्या आणि रंगमंच ओलांडून निघाल्या. पोरीने सवयीने तोंड कोटात लपवलं. “मान वर कर,” बाई म्हणाली. पोरीने मान वर केली, तर आता माणसंच लपायला लागली. नकली छताकडे बघत उभा राहिला. सुतार, हातात फळी घेऊन, पाठमोरा झाला. होयबा खाली वाकून जोड्यांच्या नाड्या बांधू लागला. त्याच्या जोड्यांना नाड्या नव्हत्या. बाई एकेकाच्या अगदी जवळून गेली, मुद्दाम, पोरीचा कोट त्यांना घासेल इतक्या जवळून.

फाटकावर पांढऱ्या गणवेशातला एक शिपाई उभा होता, रस्त्याकडे तोंड करून. दरवानाने नियमाप्रमाणे पिशवी मागितली. बाईने दिली. दरवानासाठी तिने एक वाक्य केव्हापासून जपून ठेवलं होतं. ‘जिना चढून डावीकडे’ दाखवणाऱ्या बोटाबद्दलचं ते वाक्य होतं, धारदार, एकही शब्द जास्तीचा नसलेलं. आता ते म्हणायचं आणि जायचं, असं तिने ठरवलं होतं.

“दरवानकाका,” चिचुंद्री म्हणाली, “आईबाबा आले तर सांगाल ना, मी आजीबरोबर मावशीकडे गेले म्हणून?”

दरवान पिशवीतली चादर उलगडून पाहत होता. त्याने ती झटकली, घडी केली, परत उलगडली. शिपाई रस्त्याकडे बघत होता. काकांना ऐकू आलं नाही असं पोरीला वाटलं. तिने जरा मोठ्याने पुन्हा विचारलं.

चादर दरवानाच्या हातातून खाली पडली. त्याने ती उचलली नाही. तो पोरीकडे बघत होता, सरळ, तोंडावर.

“सांगतो हं, बाळा,” तो म्हणाला. “आई आली की आधी तिला सांगतो. किती उंच झालीस, तेही सांगतो.”

शिपायाने मान वळवली. मूल त्याला दिसणं शक्यच नव्हतं, पण दरवान बोललेला त्याला ऐकू आला होता. आता दरवानाचं काय होणार, ते त्या शिपायाला ठाऊक होतं, बाईला ठाऊक होतं आणि दरवानाला तर बोलायच्या आधीपासून ठाऊक होतं. त्याने पिशवी बाईच्या हातात दिली आणि फाटक उघडून धरलं.

चिचुंद्री समाधानाने चालू लागली. निरोप पोहोचता झाला होता. उन्हाने तिचे डोळे मिटत होते, तरी तिला सगळं बघायचं होतं. बाई तिच्या बाजूने चालत राहिली. दरवानासाठी जपून ठेवलेलं ते वाक्य म्हणायचं राहूनच गेलं होतं. आयुष्यभर तिने सगळ्यांना एकाच मापाने मोजलं होतं आणि कधी चुकली नव्हती. आता त्या मोजदादीतून एका माणसाला बाहेर काढावं लागणार होतं, तेही नेमकं याला, आणि त्याचा तिला स्टेशनपर्यंत राग येत राहिला.